जुन्या माउंटन बाइकला ट्रेलर जोडून सोलापुरात रोजची कामे करता येतील का?

होय, निश्चित करता येतील. किंबहुना शहराचा बराचसा भाग सपाट असल्याने आणि जुन्या माउंटन बाइकची चौकट दणकट व गिअर हलके असल्याने ती या कामाला नव्या, नाजूक सायकलीपेक्षा अधिक योग्य ठरते. खडबडीत टायर काढून २६ इंची चाकांना गुळगुळीत टायर घातले, तर डांबरी रस्त्यावर श्रम बरेच कमी होतात.

खरी काळजी ओझ्याच्या मांडणीची घ्यावी. ट्रेलरची जोडणी मागच्या चाकाच्या आसापाशी असावी आणि जड वस्तू ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे, शक्य तितक्या खाली ठेवाव्यात. मी एकदा वीस किलो ज्वारीचे दळण गिरणीतून आणताना डबा अगदी मागच्या कडेला ठेवला. ट्रेलरचा दांडा वर उचलला जाऊ लागला, सायकलीचे मागचे चाक हलके झाले आणि वळणावर घसरले. पीठ वाचले, गुडघा मात्र सोलला.

ट्रेलरला सहसा स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे थांबताना तो मागून ढकलतो. म्हणून ब्रेकचे झिजलेले रबर आधी बदलावे आणि अंतर राखून चालवावे. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे सामान सोबत हवेच, आणि ट्रेलरच्या चाकाची ट्यूब निराळ्या मापाची असल्यास तीही. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा भाजी-किराणा सकाळी नऊपूर्वीच उरकावा.