मायसेल्फ राहू दे, आधी ब्युरेटबद्दल बोल

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी लातूर जिल्ह्यातल्या गावातनं पुण्यात आलीये, बीएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष चालू आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्रजी वाचलेलं सगळं कळतं, पेपरपण लिहिते, पण बोलायची वेळ आली की घसाच आवळतो. फार्मा कंपनीत क्यूसीसाठी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागासाठी, पहिला इंटरव्ह्यू दिला तर 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' वर 'मायसेल्फ' म्हणाली आणि पुढं गप्प झाली. तीस दिवसात फ्लुएंट करून देतो म्हणणाऱ्या एका क्लासला बारा हजार भरून झालेत, आणि आता विचारतीये की ॲडव्हान्स बॅचचे अजून आठ हजार भरू का क्यूसीचा नाद सोडून गावाकडं बीएड करू.

आठ हजार भरू नकोस. बीएड मनापासून करावंसं वाटत असेल तर जरूर कर, मी स्वतः आनंदानं फॉर्म भरायला मदत करेन, पण इंग्रजीला घाबरून करू नकोस, कारण ती भीती तिथंही सोबत येणार.

हे बघ, 2000 सालापासून आपल्याकडं मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तू जवळजवळ पंधरा वर्षं इंग्रजी शिकतीयेस. शब्द तुझ्याकडं आहेत, व्याकरणपण बऱ्यापैकी आहे, फक्त हे सगळं डोळ्यांनी आणि हातानं शिकलंय, तोंडाला कधी काम दिलंच नाही. आणि क्लासमध्ये चाळीस मुलं, एका तासाची बॅच, त्यात सरच निम्मा वेळ बोलणार, मग तुझ्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. म्हणून मी म्हणते की पैसे नकोत, रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं बोल, आणि जे तुला आधीच येतं त्याच्यावर बोल. 'माय फेव्हरेट हॉबी' वगैरे अजिबात नको, त्यात विषयही शोधायचा आणि शब्दही शोधायचे, दोन्हीकडून माणूस अडकतो.

तुला काय येतं? टायट्रेशन येतं, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणा केलेल्या काचेच्या नळीतनं एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून त्याची तीव्रता काढायची. मग प्रॅक्टिकल झालं की त्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर जा, फोनचं रेकॉर्डिंग चालू कर आणि सांग: आय रिन्स्ड द ब्युरेट विथ द सोल्यूशन. आय फिल्ड इट अप टू द झीरो मार्क. आय ॲडेड टू ड्रॉप्स ऑफ फिनॉल्फथॅलिन. ॲट द एंड पॉइंट इट टर्न्ड पेल पिंक. झालं, चार वाक्यं. दुसऱ्या दिवशी त्यातच 'का' घाल. ब्युरेट त्याच सोल्यूशननं का खंगाळायचं? बिकॉज द वॉटर लेफ्ट इनसाइड विल डायल्यूट इट. क्यूसीच्या इंटरव्ह्यूत फ्रेशरला असलेच प्रश्न येतात गं, आणि नोकरी लागल्यावरपण हेच बोलायचं असतं. तिथं एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या ठरलेल्या लेखी पायऱ्या, इंग्रजीत, लॉगबुक इंग्रजीत, आणि एंट्री चुकली तर व्हाइटनर लावायचा नाही, एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. ऑडिटरनं विचारलं तर 'आय मेड अ राँग एंट्री, सो आय स्ट्रक इट आउट अँड साइन्ड इट' एवढं शांतपणे म्हणता आलं की बास. त्या खोलीत कोणी तुझ्याकडं कादंबरीतलं इंग्रजी मागत नाही.

आता तू लिहिलंयस की प्रश्न विचारताना 'डिड यू वेंट' होतं आणि रूममेट हसतात. ही चूक आपल्याकडं खूप जणांची होते आणि तिला कारण आहे. मराठीत आपण 'तू गेलीस' ला शेवटी नुसतं 'का' लावतो, क्रियापद तसंच राहतं. इंग्रजीत तो 'का' पुढं येऊन उभा राहतो आणि भूतकाळ स्वतःच्या डोक्यावर घेतो, म्हणून 'डिड' आला की मागचं 'वेंट' परत 'गो' होतं. डिड यू गो, डिड यू ईट, डिड यू चेक. मेसला जाताना दहा प्रश्न असे पुटपुटत जा, आठवड्यात जिभेवर बसेल. तसंच 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' नको, 'आय हॅव टू ब्रदर्स'. आणि 'मायसेल्फ' च्या जागी सरळ 'आय ॲम' म्हणून नाव सांग.

समोर माणूस हवा असेल तर एक फुकटचा मार्ग आहे, माझ्याकडं येणाऱ्या मुलांना मी हा नेहमी सांगते. सिमचं, बँकेचं, कुरिअरचं खरंच काही काम निघालं की कस्टमर केअरला लावताना मराठी न निवडता इंग्रजी निवड. काम काय ते दोन ओळीत आधी कागदावर लिहून ठेव. पलीकडचा माणूस हसत नाही, आणि फोनवर हातवारे चालत नसल्यानं सगळं शब्दांनीच सांगावं लागतं. कळलं नाही तर 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' म्हणायचं, हे वाक्य तर पाठच कर, कारण ते इंटरव्ह्यूतही चालतं आणि गप्प बसण्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं दिसतं. मी पहिल्या नोकरीत फोन उचलायच्या आधी असंच कागदावर लिहून घ्यायचे, पाचसहा महिन्यांनी कागद आपोआप सुटला.

ऐकायचं असेल तर क्रिकेट बघतेस असं लिहिलंयस ना, मग मॅचची कॉमेंट्री इंग्रजीत लाव. बॉल कुठं गेला हे डोळ्यांना दिसत असतं त्यामुळं शब्द सुटला तरी अर्थ सुटत नाही. हर्षा भोगलेंना ऐक, हैदराबादच्या मराठी घरातले आहेत, बोलणं स्वच्छ, आणि ॲक्सेंट उसना आणलेला नाही. तुलाही ॲक्सेंटच्या मागं लागायची काही गरज नाही.

रूममेटबद्दल. तिघींपैकी जी कमी हसते तिला एकटीला गाठ आणि सांग की रोज रात्री दहा मिनिटं माझ्याशी इंग्रजीत बोल, मध्ये टोकू नकोस, चुका शेवटी सांग. मध्ये टोकलं की तुझा घसा परत आवळणार, हे तिला स्पष्ट सांग, तिला बहुतेक माहीतच नसेल की तुला एवढं लागतं.

आणि आजच एक रेकॉर्डिंग करून तारीख टाकून ठेव, डिलीट करू नकोस. महिन्यानं त्याच टायट्रेशनचं दुसरं कर, दोन्ही मला पाठव, मग पुढच्या इंटरव्ह्यूची उत्तरं आपण फोनवर बसून करू. क्लासवाल्यांकडं ॲडव्हान्स बॅचसाठी नाव दिलं असशील तर ते काढून घेतेय असं लेखी कळव, तोंडी नको, आणि बारा हजारांची पावती सांभाळून ठेव.