घरात कुणी वकील नसताना तुम्ही वकिलीत कशा आलात, काम नेमकं काय असतं आणि कोर्टाबाहेर काय करता?

तुम्ही विचारलंय की वकिलाचं शिक्षण, अनुभव, आवडीनिवडी हे एखाद्या वकिलानेच मोकळेपणाने सांगावं, कारण तुमची मुलगी बारावीला आहे, तिला लॉ करायचंय आणि तुमच्या नात्यागोत्यात कुणी काळा कोट घातलेला नाही. माझ्याही घरात कुणी नव्हतं, म्हणून लिहितेय. जरा लांबेल, चालवून घ्या.

मी घणसोली गावातली, आगरी. लग्नानंतर ठाण्यात कोलशेतला राहते. प्रॅक्टिस ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे कोर्ट नाक्याला, आणि मधूनमधून बेलापूर कोर्टात. सगळी दिवाणी कामं, त्यातही जमीन आणि वारसा. फौजदारीची एखादी केस ओळखीतून आलीच तर ज्याचं ते रोजचं काम आहे अशा वकिलाकडे पाठवते.

जमिनीच्याच कामात का, तर घरातच ते सगळं घडलेलं. आजोबा कूळ होते, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे. १९४८ चा कूळ कायदा आला, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली, पुढे त्याच कायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरली, ती भरली आणि कलम ३२ म चं सर्टिफिकेट मिळालं. आजोबा तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवायचे. जमीन स्वतःची झाली त्याला जेमतेम तेरा वर्षं होताहेत तोवर १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं नवीन शहरासाठी संपादनात आली. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि उरण परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, हे आमच्याकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून मिळाली. म्हणजे जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के भूखंड, त्यातून सामाजिक सुविधांसाठी कापून प्रत्यक्ष हातात पावणेनऊ टक्के.

या सगळ्यात लहानपणी मला काय दिसायचं, तर नोटिसा. भूसंपादन कायद्याच्या कलम ४ ची, कलम ९ ची, मोबदल्याच्या निवाड्याची, मग भूखंडाची पात्रता, अमुक कागद जोडा तमुक जोडा. भाषा मराठीच, पण आमच्या आळीत ती कळणारं माणूस नव्हतं. लोक पैसे देऊन वाचून घ्यायचे, आणि वाचणारा सांगेल ते खरं मानून सही किंवा अंगठा करायचे. शाळेत माझं वाचन बरं होतं म्हणून आजूबाजूच्या काक्या मला बोलवायला लागल्या, ए बाय, एवढं वाचून दाखव. वाचता यायचं पण अर्थ लागायचा नाही आणि त्याचा फार राग यायचा. लॉ करायचं ते तेव्हाच डोक्यात बसलं.

बी.ए. करून मग तीन वर्षांचं एलएलबी केलं, ठाण्यात चेंदणी बंदराजवळ विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी लॉ कॉलेज आहे तिथून. सुरुवातीला ठाणे-बेलापूर रोडने बसचे धक्के खात जायचो, २००४ च्या शेवटी ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि आमच्यासारख्या गावातल्या मुलींचं शिक्षण खरंच सोपं झालं, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. कॉलेजात असतानाच ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. महाराष्ट्रात १९९४ ची दुरुस्ती आधीच होती पण ती २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती, आणि आमच्या आत्या, मावश्या सगळ्या त्या आधीच्याच. त्यामुळे परीक्षेला त्या प्रश्नाचं उत्तर मी फार मनापासून लिहिलं होतं.

सनद मिळाल्यावर एका सिनिअरांकडे राहिले. दिवाणी बाजूचं जे काही येतं ते सगळं त्यांचं. पहिलं वर्ष त्यांनी मला कोर्टात उभं केलं ते तारीख घ्यायला आणि पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवायचं छोटं निवेदन, द्यायला, बाकी ऑफिसात बसवून एकच काम: बंडल उघडायचं आणि तारखांची यादी करायची. कोण कधी जन्मलं, कधी वारलं, फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, कधी मंजूर झाला, नोटीस कधी बजावली, दावा कधी दाखल झाला. कंटाळा यायचा, आमच्या बॅचचे फौजदारीला गेलेले जामिनाच्या अर्जांवर युक्तिवाद करत होते आणि मी जुन्या हस्तलिखित फेरफारांवरची पेन्सिलची अक्षरं लावत बसलेली. पण दिवाणी वकिलाचं निम्मं काम तिथेच होतं, हे मी आता माझ्या ज्युनिअर्सना सांगते. कोर्टात उभं राहून बोलायला मिळतात पाच मिनिटं, ती पाच मिनिटं त्या यादीवर चालतात.

एक कागद डोळ्यासमोर आणून देते म्हणजे कळेल. साधारण १९७०-७२ च्या सुमाराचा फेरफार, वारस नोंदीचा. मजकूर असा असतो की खातेदार अमुक वारले, वारस तीन मुलगे आणि पत्नी, मुली लग्न होऊन सासरी गेल्या सबब नावे दाखल केली नाहीत. खाली पंचांचे अंगठे, सर्कल साहेबांची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची सही, मंजूर. मग सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव आणि पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे तो एकटा मालक नाही, कुटुंबाच्या वतीने त्याचं नाव आहे. पुढे कधीतरी सातबारा नव्याने लिहिताना ती अक्षरं गळून पडतात आणि संगणकावर येईपर्यंत थोरला भाऊ एकटाच मालक दिसायला लागतो. ज्याने फक्त आजचा उतारा पाहिला त्याला हे कधीच कळणार नाही, त्यासाठी मागे मागे जात प्रत्येक फेरफार काढावा लागतो. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, फार चांगली सोय आहे, पण खरी गोष्ट जुन्या फेरफारांत असते.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात त्या वारस दाखल्याच्या केसेस. भूखंड किंवा वाढीव मोबदला मूळ खातेदाराच्या नावाने मंजूर होतो, तो वारलेला असतो, मग कोर्टाचा वारस दाखला लागतो. तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो, जवळजवळ दोनशे वर्षं जुना कायदा. अर्ज करायचा, वारसांची नावं द्यायची, पेपरात जाहीर नोटीस द्यायची, कुणाची हरकत आली नाही तर पुरावा होऊन दाखला. आता यात गडबड कुठे होते बघा, अर्जात बहिणींची नावंच टाकत नाहीत. पेपरातली नोटीस सासरी बसलेल्या बाईला कोण वाचून दाखवणार? दोन-तीन वर्षांनी तिच्या कानावर येतं की भूखंड मिळाला, बिल्डरला दिला, पाया पण खणला. मग ती येते, बरोबर बहुतेक मुलगा किंवा सून, आणि पहिलं वाक्य हेच की मला भावांशी भांडायचं नाही वकीलबाय, फक्त माझं नाव होतं का तेवढं बघा.

मी पहिला प्रश्न विचारते, वडील कधी वारले. त्यावर सगळं अवलंबून असतं. १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला, त्याच्या आधी वारले असतील आणि मुलगे असतील तर मुलींचा वाटा नाही, तिथे खोटी आशा दाखवत नाही. त्यानंतर वारले असतील तर त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात पत्नी, आई, मुलगे, मुली सगळे सारखे वारस, आणि हे २००५ ची वाट न बघता १९५६ पासूनच आहे, लोकांना वाटतं मुलींना हक्क २००५ ला मिळाला, तसं नाही. २००५ ने वाढवला. आणि वडिलोपार्जित मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवे होते का यावरचा घोळ सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात मिटवला, हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने आहे. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेलं वाटप किंवा विक्री उकरून काढता येत नाही. आणि वारस दाखल्याने मालकी अंतिम ठरत नाही, त्यामुळे नाव वगळून कुणी दाखला काढलाच तर तो रद्द करायला अर्ज करता येतो, वाटपाचा दावाही लावता येतो. अर्थात बिल्डरसारख्या तिसऱ्या कुणाचे हक्क मध्ये तयार व्हायच्या आत यावं लागतं, उशीर झाला की सगळं अवघड होत जातं.

हक्कसोडीबद्दल माझं मत ठाम आहे आणि त्यावरून माझ्या माहेरी माझ्याशी काही लोक बोलायचे बंद झालेत तरी ते बदललेलं नाही. बहिणीने समजून उमजून, खुशीने भावाला हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार आहे, मी स्वतः अशी हक्कसोडपत्रं करून देते. पण समजून म्हणजे तिला आधी आकडा माहीत पाहिजे. किती जमीन, आज काय मिळणार, तिचा हिस्सा किती. लग्नाच्या, बारशाच्या गर्दीत, माहेरची साडी हातात देऊन, फक्त सही कर गं, साहेबांना लागते, असं म्हणून घेतलेली सही मला मान्य नाही. त्यामुळे माझ्या ऑफिसात हक्कसोडपत्र करायचं असेल तर बहीण एकटी समोर बसते, भाऊ बाहेर बाकावर, आणि मसुदा मी तिला मोठ्याने वाचून दाखवते. काही भाऊ चिडून उठून गेलेत. काही बहिणींनी सगळं ऐकून पण सही केली, हसत केली. एका आजींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, अर्धं सोडते, अर्ध्यावर माझं नाव राहू दे, मरताना माझ्या नावावर काहीतरी असावं. तसं पत्र केलं. आणि हो, साध्या कागदावर, नुसत्या नोटरीसमोर केलेल्या हक्कसोडीवर विसंबू नका, जमिनीतला हक्क सोडायचा तर पत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं.

पैशाचं विचारलंत. पहिली काही वर्षं तंगीची असतात, खोटं कशाला सांगू. माझ्या वेळी सिनिअर देतील त्यात पास आणि डबा सुटायचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड ज्युनिअर्सना द्यावा असं सांगितलंय, पण ती शिफारस आहे, सगळे देत नाहीत. दिवाणीत पैसा उशिरा येतो, पण आलेला पक्षकार तीन पिढ्या जात नाही.

कोर्टाबाहेरचं विचारलंत तर माझा जीव धवल्यांत, म्हणजे आमच्या लग्नातल्या गाण्यांत आहे. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते, ती बाई गाणी म्हणत लग्नाचे विधी पार पाडते, एकेक विधीला एकेक गाणं, आणि हे सगळं तोंडपाठ, कुठे लिहिलेलं नाही. आता हॉल असतो, डीजे असतो, धवलारणींची पुढची पिढी नाही. मी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन, घणसोली, गोठिवली, तळवली, इकडे उरणपर्यंत, या आज्यांना फोनवर रेकॉर्ड करते. सरळ गा म्हटलं तर गात नाहीत, आधी हात कामाला लागतात. तांदूळ निवडायला घेतले, कोलीम, म्हणजे बारीक सुकट, निवडायला घेतलं की आपोआप पहिली ओळ निघते, मग शेजारची दुसरी ओळ उचलते, मध्येच दोघींचं भांडण की ही ओळ हळदीची आहे, मांडवाची नाही. मी घरी येऊन ते उतरवते, गाव, गाणारीचं वय, कुठल्या विधीचं ते सगळं लिहून, कोर्टाच्या कागदांसारखंच. त्यातल्या कितीतरी गाण्यांत माहेर सुटल्याचं आहे, आणि सकाळी त्याच वयाच्या बाया माझ्या ऑफिसात माहेरच्या हिश्श्याबद्दल विचारत असतात. गाता गाता या आज्या स्वतःहून जुनी नाती सांगतात, कोण कुणाची मुलगी, कुठे दिलेली. इतक्या पक्क्या वंशावळी मला तहसीलमध्ये पण मिळत नाहीत.

दुसरं म्हणजे फ्लेमिंगो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाणे खाडीत येतात, २०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. नवऱ्याबरोबर ऐरोलीला जाते, ओहोटीची वेळ बघून, तेवढाच फोन बंद.

आता तुमच्या लेकीचं. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, किंवा पदवी करून तीन वर्षांचा, दोन्हीला सीईटी आहे, आणि पास झाल्यावर बार कौन्सिलची ऑल इंडिया बार परीक्षा, जी आम्हाला नव्हती. वशिला लागतो, ओळख लागते असं लोक म्हणतात, त्याकडे लक्ष देऊ नका. मराठी चांगलं ठेवा तिचं, तालुका आणि जिल्हा पातळीवर साक्षीपुरावे मराठीत चालतात, आणि इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं उलटतपासात अडखळतात कारण साक्षीदाराची भाषाच येत नाही. मोडी शिकली तर फारच छान, जुने कागद वाचणारी माणसं शोधून सापडत नाहीत. आणि फी भरायच्या आधी तिला एकदा कोर्टात घेऊन या. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, कुठल्याही दिवाणी कोर्टात सकाळी अकराच्या आधी येऊन मागच्या बाकावर बसायचं, फोन बंद, वहीत काय दिसलं ते लिहायचं. पुकारे, तारखा, कंटाळा, सगळं बघू दे. पुराव्याला लागलेली एखादी केस चालू असेल तर ती उठेपर्यंत बसा, मग दुपारी तिला विचारा अजून करायचंय का.