मी पूर्ण अंध आहे. पहिली प्रोग्रामिंग भाषा कोणती शिकू? पायथन खरंच जमणार नाही का?

तुम्ही लिहिलंय की एनव्हीडीए (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रीन रीडर) वापरून तुम्ही एमएस-सीआयटी केलंत आणि आता प्रोग्रामिंग शिकायचंय. पण ओळखीतल्या एका इंजिनिअरने सांगितलं, पायथनच्या वाटेला जाऊ नका, त्यात ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर सगळं ठरतं आणि ते डोळ्यांनीच कळतं.

मी जन्मांध आहे, कोल्हापुरात राहतो आणि नऊ वर्षं प्रोग्राम लिहून घर चालवतो. माझं म्हणणं, पायथनच घ्या. ती जागा ऐकू येते.

एनव्हीडीएची की (सहसा इन्सर्ट), कंट्रोल आणि डी एकत्र दाबा. डॉक्युमेंट फॉरमॅटिंगची सेटिंग्ज उघडतील. त्यात लाइन इंडेंटेशन रिपोर्टिंग शोधा आणि सुरुवातीला बोलणं व सूर दोन्ही चालू ठेवा. मग बाणाने खाली उतरत गेलात की जिथे इंडेंट, म्हणजे ओळीआधीची जागा, बदलतं तिथे सूर वाजतो. ओळ आत गेली की सूर चढतो, बाहेर आली की उतरतो. इंडेंट तेच राहिलं तर काहीच वाजत नाही. थोडे दिवस गेले की बोलणं बंद करा, नुसता सूर पुरतो.

माझे मामा मार्केट यार्डात गुळाचे अडते. माझा पहिला कामाचा प्रोग्राम त्यांच्यासाठी होता: गुळाच्या रव्यांची (ढेपांची) वजनं द्यायची, शेवटी एकूण वजन मिळायचं. चालवला तर प्रत्येक रव्यानंतर एकूण यायला लागलं. तीस, साठ, एकोणनव्वद... मामा शेजारीच वही उघडून बसलेले. मी वर जाऊन ओळी पुन्हा ऐकल्या. फॉरची ओळ, म्हणजे प्रत्येक रव्यासाठी आतलं काम पुन्हा करायला सांगणारी; यालाच लूप म्हणतात. सूर चढला, बेरजेची ओळ. मग प्रिंटची, म्हणजे एकूण दाखवणारी ओळ, आणि त्या दोन्हींच्या मध्ये काहीच वाजलं नाही. तिथे सूर उतरायला हवा होता. म्हणजे प्रिंट अजून लूपच्या आतच अडकलेलं. शिफ्ट-टॅब दाबलं, पुन्हा ऐकलं, सूर उतरला. एकूण एकदाच आलं आणि मामांच्या वहीतल्या बेरजेशी जुळलं.

त्याआधी मी राजारामपुरीतल्या एका क्लासला तीन महिने सी ही भाषा शिकायला जात होतो. तिथे सी लिहायला ती जुनी, निळ्या पडद्याची खिडकी होती. ती उघडली की एनव्हीडीए गप्प. सर मनापासून शिकवायचे, फळ्यावरचा प्रोग्राम माझ्यासाठी वाचून दाखवायचे. पण मी लिहिलेलं मलाच वाचता येत नव्हतं. एके दिवशी घरी येऊन आईला म्हणालो, मला हे जमायचं नाही. तेच सी साध्या नोटपॅडमध्ये लिहून कमांड प्रॉम्प्टवर (नुसत्या मजकुराच्या खिडकीत) कंपाइल केलं, म्हणजे चालण्याजोगं करून घेतलं असतं तर शब्द न् शब्द ऐकू आला असता. हे समजायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून भाषेइतकंच महत्त्वाचं, ती कशात लिहायची. कोड म्हणजे शेवटी मजकूर, तो एनव्हीडीए वाचतोच. अडतं ते खिडकीत. पायथनबरोबर येणारं आयडल, म्हणजे कोड लिहायची खिडकी, वापरू नका. ते टीकिंटरवर (बटणं-खिडक्या बनवायच्या पायथनच्या साधनावर) बांधलंय आणि टीकिंटरच्या खिडक्या स्क्रीन रीडरला नीट कळत नाहीत. पुस्तकातला टीकिंटरचा धडाही सोडून द्या. बटणं-खिडक्यांचा प्रोग्राम करायची वेळ आली तर डब्ल्यूएक्स-पायथन घ्या, ते विंडोजचीच मूळ बटणं वापरतं. एनव्हीडीएच्या स्वतःच्या खिडक्या त्यातच केलेल्या आहेत.

आणि एनव्हीडीएचा बराचसा भाग पायथनमध्येच लिहिलाय! २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो सुरू केला. म्हणजे जो प्रोग्राम रोज आपल्याला वाचून दाखवतो त्याचा कोड आपण उघडून वाचू शकतो, त्याला लागणारं ॲड-ऑन (जोडायचा छोटा प्रोग्राम) स्वतः लिहू शकतो. माझ्या लेखी पायथन निवडायला हे एकच कारण पुरेसं आहे.

लिहायला व्हीएस कोड हा कोड लिहायचा प्रोग्राम घ्या, त्यात पायथनचं एक्स्टेन्शन (जोडणी) टाका. एफ८ दाबलं की पुढच्या चुकीवर नेतं. प्रोग्राम चालवल्यावर एरर आली तर तिच्यात ओळीचा नंबर असतो. कंट्रोल-जी दाबून तो नंबर टाकला की थेट त्या ओळीवर. अल्ट-एफ१ वर स्क्रीन रीडरवाल्यांसाठीची मदत आहे, ती पहिल्याच दिवशी सगळी ऐका.

मराठी आवाजात कोड ऐकू नका. एनव्हीडीएची की, कंट्रोल आणि पी दाबून व्हीएस कोडपुरतं वेगळं प्रोफाइल (सेटिंग्जचा संच) करा. त्यात आवाज इंग्रजी आणि विरामचिन्हं सगळी बोलणारी ठेवा. एक कोलन राहिला तरी प्रोग्राम अडतो, तेव्हा तो कानावर पडलाच पाहिजे. इतर ठिकाणी तुमचा मराठी आवाज तसाच राहतो.

सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये कुठला भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे सांगायला जागेऐवजी महिरपी कंस असतात म्हणून ते आपल्याला सोपं, असं म्हणणारे आपल्यातलेही आहेत. छोट्या प्रोग्रामला ते खरं आहे. मोठ्यात मात्र 'राइट ब्रेस, राइट ब्रेस, राइट ब्रेस' ऐकत कुठला कंस कशाचा हे बोटांवर मोजावं लागतं. क्वोरम नावाची भाषा तर अंध विद्यार्थ्यांचा विचार करून घडवलेली आहे आणि चांगली आहे. पण अडलात तर शेजारी विचारायला माणूस हवा, आणि पायथन येणारा आपल्याकडे कुठल्याही कॉलेजात सापडतो. पायथननंतर एसक्यूएल (साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा) आणि एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा), दोन्ही निव्वळ मजकूर.

त्या इंजिनिअरना टी. व्ही. रामन यांच्याबद्दल सांगा. जन्म पुण्याचा, चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, आयआयटी मुंबईत शिकले, कॉर्नेलमधून डॉक्टरेट घेतली आणि ईमॅक्स या एडिटरला बोलतं करणारं ईमॅकस्पीक स्वतः लिहिलं.

आज फक्त सूर चालू करा आणि एक फॉर, त्याच्या आत एक ओळ, बाहेर एक ओळ, एवढंच लिहून वर-खाली फिरा. सूर ऐकू आला नाही तर एनव्हीडीएची आवृत्ती कोणती ते इथेच कळवा, मी संध्याकाळी सातनंतर बघतो.