बाळासाठी गोठवलेली खिचडी सकाळी ओट्यावर काढून ठेवली तर चालेल का?

ताई, तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. रविवारी मुगाची खिचडी आणि गाजर-भोपळ्याची प्युरी करून तुम्ही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता, कामावर निघताना क्यूब ओट्यावर ठेवता आणि दुपारी सासूबाई ते गरम करून भरवतात. यातलं फक्त ओट्यावर ठेवणं आजपासून बंद करा.

फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थिजून राहतात. ओट्यावर क्यूबच्या कडा आधी सुटतात आणि मधला गोळा कडकच राहतो. हाताला थंड लागतं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण सुटलेला भाग तोवर खोलीइतका कोमट झालेला असतो. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, आणि उन्हाळ्यात आपलं स्वयंपाकघर किती तापतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

'नीट उकळलं की झालं' असं घरात कोणीतरी म्हणेलच. भाताला ते लागू नाही. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही तगतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांच्यातून होणारं उलट्या करवणारं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. म्हणून मला तुमच्या गाजरापेक्षा खिचडीची जास्त काळजी वाटते. ती शिजली की ताटात पसरून लवकर गार करा आणि तासाभरात फ्रीजरमध्ये टाका.

रात्री झोपण्याआधी उद्यापुरतेच क्यूब झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. कच्चं चिकन किंवा मासे असतील तर डबा त्यांच्या वरच्या कप्प्यात हवा, खाली नको. असं सुटलेलं अन्न 24 तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. रात्री विसरलात तर सासूबाईंना सांगा, क्यूब थेट छोट्या पातेल्यात, चमचाभर पाणी घालून मंद गॅसवर. चांगल्या वाफा येईपर्यंत, मधूनमधून ढवळत. मायक्रोवेव्हही चालतो, पण त्यात एखादा भाग चटका देण्याइतका तापतो आणि शेजारचा गारच राहतो. नीट ढवळून, कोमट झाल्यावर मनगटावर थेंब टाकून बघायचं.

भरवताना वाटीत थोडंच घ्या. बाळाचा उष्टा चमचा ज्या वाटीत गेला, तिच्यातलं उरलेलं संध्याकाळसाठी ठेवू नका. आज्यांना अन्न टाकणं जिवावर येतं, त्यामुळे हे आधीच प्रेमाने बोलून ठेवा.

आणि वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. बंद असेल तर गच्च भरलेला फ्रीजर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. वीज आल्यावर क्यूब पूर्ण पातळ झालेले दिसले आणि ते कधीपासून तसे आहेत हे कळत नसेल, तर सरळ टाकून द्या.