अंतराळातल्या सुपरहिरो कॉमिकचा एकत्रित खंड चांगला आहे की नाही, हे कसं ओळखावं?

मी सगळ्यात आधी बघतो ते कथा खंडातच पूर्ण होते का. अमेरिकी कॉमिकचा एक अंक साधारण २०-२२ पानांचा, आणि खंडात बहुधा पाच-सहा अंक असतात. मोठ्या अंतराळयुद्धाचे धागे मात्र इतर मालिकांत पसरलेले असतात. एखादं पात्र अचानक जखमी होऊन उगवलं, तर तो प्रसंग दुसरीकडेच घडलाय असं समजा.

मग चित्रं. ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ (१९९१) ही मार्व्हलची अंतराळकथा सहा अंकांची. चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी सुरुवात केली आणि चौथ्या अंकात रॉन लिम यांनी सूत्रं घेतली. सलग वाचताना असा बदल जाणवतोच. तिथे कथा तो पेलते, पण प्रत्येक खंडात तसं होत नाही.

अंतराळकथेत अवाढव्यपणा दिसायलाच हवा. ग्रह फुटतोय आणि चौकटीत नुसते ओरडणारे चेहरे, हे मला अजिबात पटत नाही. जोडपानावरचं चित्र मधोमध उघडून बघा: शिवणीत जहाज किंवा संवाद गिळला गेला असेल तर बांधणी वाईट. कागद, मुखपृष्ठं वगैरे नंतर.