शेपटी बघितलीत का?

प्रश्न : सर, आमच्या कुळागरात परवा तिन्हीसांजेला पोफळीवर काळं माकड बसलेलं दिसलं. तोंडाभोवती करडी झालर होती. मुलगा म्हणतो, तो सिंहपुच्छ वानर. हे गोव्यात आहेत का? एकूण किती उरलेत?
— एक वाचक, ब्रह्मकरमळी, सत्तरी

उत्तर : शेपटीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि सगळं तिथंच अडतं! मीही एकदा फसलोय. मोलेच्या अभयारण्यात उन्हाकडे तोंड करून वर बघत होतो. फांदीवर काळाकुट्ट प्राणी. बरोबरच्या पोरांना छाती फुगवून ‘सिंहपुच्छ’ सांगून मोकळा झालो. तेवढ्यात त्यानं फांदी बदलली आणि अंगापेक्षा लांब शेपूट खाली लोंबली. वांदर, म्हणजे काळ्या तोंडाचा लंगूर! उजेडात आला तर पाठ चक्क करडी. पोरं अजून चिडवतात.

सिंहपुच्छाची शेपटी अंगापेक्षा आखूड, टोकाला सिंहासारखा गोंडा. अंग काळंभोर, आयाळ रुपेरी. तुम्ही पाहिलात तो बहुधा वांदरच.

जुन्या निसर्ग अभ्यासकांनी सिंहपुच्छाचा मुलूख पार रत्नागिरीपर्यंत लिहून ठेवलाय, म्हणजे गोवा त्यात आलाच. आज मात्र उत्तरेकडची शेवटची वस्ती उत्तर कन्नडातल्या शिरसी-होन्नावरच्या रानात. तिथून दक्षिणेला केरळ-तामिळनाडूच्या टोकापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी. जगात दुसरीकडे कुठेच नाही. सगळे मिळून चार हजारांच्या आत, त्यात प्रौढ सुमारे अडीच हजार. मादीला पहिलं पिल्लू साधारण सहा-सात वर्षांची झाल्यावर, पुढचं अडीचेक वर्षांनी. मेलेल्यांची भरपाई व्हायची कधी?

एका जुलैत होन्नावर-जोग रस्त्यावरच्या काथलेकानच्या रानात गेलो होतो. तुमच्या सत्तरीतल्या निरंकाराच्या देवराईत रानजायफळाची झाडं चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी असतात ना, अगदी तशीच तिथं. पाऊस मी म्हणत होता. वरून टपटप काहीतरी पडत होतं, पाहिलं तर उप्पगेची उष्टी फळं. हे आपल्या भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, चुलत भावंड. वर सिंहपुच्छांचा कळप निवांत खात होता, खाली गावकरी तीच फळं वेचत होते. सालं चुलीवर वाळवून विकतात, भाव चांगला मिळतो. म्हणजे फळ एक, वाटेकरी दोन. 2011 साली तिथं अघनाशिनी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, सुमारे 300 चौरस किलोमीटरचं. लोकांना हुसकावलं नाही, हे मला पटलं.

आपल्याकडे जंगल आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे, पण या प्राण्याला बारमाही फळ देणारं सदाहरित रान लागतं, फांदीला फांदी भिडलेलं. जमिनीवर तो सहसा उतरत नाही. उत्तरेकडे कोरडे महिने वाढतात, पानगळीची झाडं वाढतात, आणि मध्ये रस्ते, धरणं, मोकळं रान.

पुन्हा दिसला तर मुलाला सांगा, मोबाईल माकडाच्या तोंडावर धरू नको, शेपटीचा फोटो काढ. आणि तो मला पाठवा.