किती वाजता, कुणाला सांगितलं, ते लिही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

हॉस्पिटलात सोशल वर्करचं काम शिकताना आलेला अनुभव सांगणारी तुझी मेल दोनदा वाचली. पेशंटचं नावगाव लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. तुला पाहून त्या ब्लॅक बाळंतिणीनं बाळ छातीशी धरलं आणि ‘सोशल वर्कर नको’ म्हणाली, त्यावर तू पानंच्या पानं रडली आहेस. अगं, ती तुझ्यावर चिडलेली नाही. सोशल वर्कर आली की मागोमाग बालसंरक्षण खातं येतं, बाळ काढून नेतं, हा धसका इथं अमेरिकेत अनेक ब्लॅक घरांत आहे, आणि तो उगाच बसलेला नाही.

‘मी भारतीय, माझा इथं काय अधिकार?’ हा तुझा दुसरा प्रश्न मात्र लाडावलेला वाटला. अधिकाराचं नंतर बघू. तिचं डोकं दुखत होतं, असं तू ओझरतं लिहिलंस. बाळंतिणीचं डोकं दुखणं ही रक्तदाब चढल्याची खूण असू शकते. ते तिनं किती वाजता सांगितलं? कुणाला? चार्टमध्ये, म्हणजे तिच्या नोंदींत, आहे का? एवढ्या लांब मेलमध्ये नेमकं तेच नाही.

सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचे, 2023चे आकडे तुला वर्गात शिकवले असतीलच. एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ब्लॅक बायकांत 50.3, गोऱ्या बायकांत 14.5, आशियाई बायकांत 10.7. आपण तळाशी, म्हणून इथं न्यू जर्सीत, एडिसनमधल्या आपल्या लोकांच्या हळदीकुंकवात हा विषयच निघत नाही. निघालाच तर ‘त्या लोकांचं वजन, त्यांचं शिक्षण’ म्हणून संपतो. शिक्षण? पदवीधर ब्लॅक बायकांतलं प्रमाण पदवीधर गोऱ्या बायकांच्या पाचपट आहे, हे सीडीसीनंच 2019मध्ये मांडलं. शलोन अर्व्हिंग तर सीडीसीतच साथरोगतज्ज्ञ होती. बाळंतपणानंतर पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेली, आणि तीन आठवड्यांत, जानेवारी 2017मध्ये, रक्तदाबाच्या गुंतागुंतीनं गेली. सेरेना विल्यम्सला बाळंतपणानंतर रक्ताची गुठळी झाल्याचं तिचं तिलाच कळलं होतं. नर्सला वाटलं, औषधानं बरळतेय. सेरेना अडून बसली, तेव्हा स्कॅन झाला. प्रत्येकीला असं अडून बसता येतं का?

स्कॅन सांगणं तुझ्या हातात नाही. नोंद करणं आहे. राज्यांच्या मातामृत्यू समित्या मागाहून हेच कागद वाचतात, आणि तपासलेल्या मृत्यूंतले 80 टक्क्यांहून अधिक टाळता आले असते, असं सांगतात. पण मला समितीसाठी नोंद नको आहे. वेळ आणि नाव घातलेली तक्रार कुणाच्या तरी गळ्यात पडते, मग तो येऊन बघतो. एवढंच.

‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं तुझ्याआधी कुणी तरी लिहून ठेवलं असेल. ब्लॅक पेशंटच्या नोंदींत असे शेरे असण्याची शक्यता अडीचपट, असं शिकागोतल्या एका अभ्यासात 2022मध्ये दिसलं. पुढची शिफ्ट आधी तो शेरा वाचते, मग बाईकडे बघते. तू लिही: 2:40, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे ठिपके, अमक्या नर्सला सांगितलं, 2:55, अमक्या डॉक्टरांना कळवलं. आणि लिहिलेलं तिला वाचून दाखव. तसंही तिला तिच्या नोंदी फोनवर दिसणारच आहेत.

मीही सोशल वर्करचंच काम केलं. माझ्या नोंदी लांब असायच्या म्हणून मला वर बोलावलं गेलंय. ‘तुमचं काम बाळाची कार सीट आणि फॉर्म भरण्यापुरतं’, हेही ऐकून घेतलंय. बढती दुसरीला मिळाली. घरी हे म्हणाले, विकतचं दुखणं कशाला घेतेस. मी वेळ आणि नाव लिहीतच राहिले, आणि त्यात माझं काही चुकलं असं आजही वाटत नाही. हेकट म्हणतात, म्हणोत.

खंत आहे ती वेगळीच. गर्भारपणाशी निगडित मृत्यूंतले निम्म्याहून अधिक प्रसूतीनंतर आठवडा उलटल्यावर, वर्षभराच्या आत होतात, आणि माझं काम डिस्चार्जच्या कागदाशी संपायचं. दाराबाहेर मी कधी गेले नाही. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, तेव्हा बाळंतपणानंतर 60 दिवसांनी बंद व्हायचं. आता न्यू जर्सीत ते वर्षभर चालतं, डुलाचे, म्हणजे बाळंतपणात सोबतीला राहणाऱ्या प्रशिक्षित बाईचे, पैसेही 2021पासून मिळतात. तुझ्याकडे हे सगळं आहे, माझ्याकडे नव्हतं. (सबब सांगतेय असं वाटेल. थोडी सांगतेच आहे.)

ती बुधवारपर्यंत आहे म्हणतेस. उद्या जा. उभ्यानं बोलू नकोस, खुर्ची घे. कुणी पाठवलं, का पाठवलं, ते खरं सांग. मग डोकं कसं आहे ते विचार, तुझा फॉर्म त्यानंतर. नर्सनं ऐकलं नाही तर चार्ज नर्स, म्हणजे त्या पाळीची मुख्य नर्स, तिनं नाही तर डॉक्टर, आणि प्रत्येकाच्या नावापुढे वेळ. घरी रक्तदाब मोजायचं मशीन तिला मिळतंय का बघ. त्यावर डॉक्टरची सही लागेल. ती मंगळवारीच घेऊन ठेव, डिस्चार्जच्या गडबडीत कुणी सापडत नाही.

तुझी,
मावशी